घरी वाळवलेलं मटण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चैत्र लागला की खानदेशातल्या बोरी नदीकाठच्या आमच्या गावात धाब्यांवर, म्हणजे घरांच्या मातीच्या सपाट छपरांवर, जागा उरत नाही. बिबड्या, कुरडया, शेवया, उडदाचे पापड, सगळं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी उरकायचं असतं. काही घरांत त्याच धाब्याच्या एका कोपऱ्यात, जाळीखाली, मटणही वाळत असतं. मी ते आजीच्या हाताखाली शिकले आणि गेली वीसेक वर्षं दर उन्हाळ्यात करते आहे. सुरतेला नाहीतर पुण्याला राहायला गेलेल्या भाच्या-पुतण्यांचे फोन येतात आणि प्रश्न तेच तेच असतात. सगळ्यांना एकदाच नीट उत्तर मिळावं म्हणून हे लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ऊन मांस वाळवतं, त्यातले जंतू मारत नाही. ते काम विस्तवाचं. म्हणून आधी विस्तव, मग ऊन, आणि खाताना पुन्हा विस्तव. एवढा क्रम पाळला तर बाकीच्या चुका सावरता येतात.

कोणतं मटण घ्यावं?

बोकडाचं, फऱ्याचं, बिनहाडाचं. मांडीत मांसाचे मोठे सलग तुकडे मिळतात आणि चरबी कमी असते. सीना, चाप, गर्दन वाळवायला नकोत, ते त्याच दिवशी रस्सा करून खावेत. हाडाला लागून असलेलं मांस आतून ओलं राहतं आणि तिथूनच वास मारायला लागतो.

चरबीचा कण न् कण काढायचा. चरबीत पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे तिच्यातून वाळायचं असं काही नसतं. उलट हवा लागून ती खवट होते आणि शेजारच्या चांगल्या पट्ट्याही खराब करते. मांसावरचा पांढरा पापुद्राही सोलून काढायचा, कारण त्याच्याखालून पाणी बाहेर पडत नाही.

खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि सकाळी पहिलं बोकड कापलं की लगेच घेऊन या. मे महिन्यात दुपारपर्यंत बाहेर टांगून राहिलेलं मटण वाळवणासाठी घेऊ नये, भाव कितीही कमी सांगितला तरी. गाईच्या कत्तलीवर राज्यात आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही आहे. ससा, हरीण, रानडुक्कर यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी कुणी ‘रानातलं आहे’ म्हणून काही आणून दिलं तर हात लावू नका.

कोंबडी वाळवता येते का?

मी करत नाही, आणि करूही नका असंच सांगते. कोंबडी आतपर्यंत ७४ अंशांवर शिजावी लागते, मांस वाळलं की दोऱ्यासारखं होतं, आणि ताजी कोंबडी आता गावोगाव रोज मिळते. आपल्याकडे २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली होती. देशातली ती पहिली. तेव्हापासून आमच्या घरात कच्च्या कोंबडीला हात लावला की साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही, हा नियम पडला तो पडलाच.

पट्ट्या कशा कापायच्या?

जाडी पाच ते सहा मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीपेक्षा थोडी कमी. लांबी वीतभर. सगळ्यांची जाडी सारखी हवी, नाहीतर पातळ पट्ट्या जळकट होतात आणि जाड्या ओल्या राहतात.

ताजं मटण सुरीखाली सरकतं. घरी फ्रीज असेल तर मांसाचा गोळा तासभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा. दाबलं तर थोडं दबेल पण घसरणार नाही, इतपत कडक झाला की काढा. मग सुरी ठरलेल्या ठिकाणीच चालते. आजी विळीवर कापायची आणि तिच्या पट्ट्या मोजपट्टी लावल्यासारख्या निघायच्या. मला ते कधी जमलं नाही, मी धारेची सुरी घेते.

मांसाच्या रेषा कुठल्या दिशेने जातात ते बघून घ्या. रेषांच्या बाजूने कापलेली पट्टी दोरीवर टांगली तरी तुटत नाही. आडवी कापली तर ती चावायला मऊ, पण वाळताना तिचे तुकडे पडतात. मी वाळवायला उभी कापते आणि भाजीत टाकताना आडवी तोडते.

मीठ किती? मसाला लावायचा का?

एक किलो बिनहाडाच्या मटणाला ४० ग्रॅम मीठ आणि एक चमचा हळद. मीठ वजनानेच घ्या, मुठीने नको. खडेमीठ असेल तर कुटून घ्या, म्हणजे सगळीकडे सारखं लागतं.

मीठ फक्त चवीसाठी नाही. ते मांसातलं पाणी बाहेर ओढतं आणि जे पाणी आत उरतं ते धरून ठेवतं. जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. वाळवण आणि मीठ ही दोन्ही कामं त्या मोकळ्या पाण्यावरच चालतात. म्हणून दोघांपैकी एक कमी केलं तर दुसरं वाढवावं लागतं. रक्तदाबामुळे मीठ कमी घालायचं असेल तर ते मटण फ्रीजमध्येच ठेवायचं, डब्यात बाहेर नाही.

मसाला मात्र आता लावू नका. लसूण-आल्याचं वाटण ओलं असतं आणि त्याने पट्टी चिकट राहते. तिखट लावलं तर उन्हात ते करपट होतं. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरच्या कशा एकेक पसरून, ढीग न करता वाळवतात ते बघा. एका वेळी एकच जिन्नस, मोकळा पसरलेला, चारी बाजूंनी वारा लागेल असा. तेच इथेही. मसाल्याची जागा रश्शात आहे.

मीठ-हळद चोळून झाकून दोन ते तीन तास फ्रीजमध्ये ठेवायचं. फ्रीज नसेल तर चोळल्यावर लगेच पुढच्या कामाला लागायचं.

आधी शिजवायचं कशाला? आमच्या घरी तर कच्चंच वाळवायचे.

आमच्याही घरी. आजी कच्च्या पट्ट्या मीठ लावून दोरीवर टाकायची. ती करायची ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. तिच्याकडे बोकड डोळ्यांसमोर कापलेलं असायचं, पहाटे उठून सूर्य वर यायच्या आत सगळं दोरीवर असायचं, आणि भाजी करताना ती मटण चुलीवर दोन-दोन तास रटरट शिजवायची. आपल्यात ही शिस्त राहिलेली नाही.

मी बदल केला तो एका वर्षीच्या अनुभवाने. मे महिन्यात अवकाळी ढग आले, दोन दिवस ऊनच नव्हतं. पट्ट्या दोरीवर तशाच होत्या. वास आला नाही म्हणून मी त्या नंतर वाळवून ठेवल्या. आखाजीला भाजी केली आणि रात्री घरातल्या चौघांना उलट्या-जुलाब सुरू झाले. धाकट्या पुतण्याला तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावावी लागली. तो वाचला, बरा झाला, पण त्या रात्री त्याच्या उशाशी बसून मी जे ठरवलं ते आजवर मोडलेलं नाही.

नंतर कळलं ते असं. साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू जगतात, वाढतात. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो, तरी ओल्या मांसाचं तापमान पाणी उडत असल्यामुळे हवेइतकंसुद्धा होत नाही. म्हणजे पहिले काही तास ओलं मांस नेमकं जंतूंच्या सोयीच्या उबेत पडून असतं. काही जंतू मांसात वाढताना विष सोडतात, आणि ते विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. आमच्या घरी बहुधा तेच झालं असावं. आणखी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: जंतू ओल्या मांसात उष्णतेने लवकर मरतात, पण मांसाबरोबर तेही वाळले की चिवट होतात आणि तेवढीच उष्णता त्यांना पुरत नाही. म्हणून शिजवायचं ते वाळवण्याआधी. मांसाच्या आत ७१ अंश पोहोचले पाहिजेत.

कसं शिजवायचं ते नीट सांगते, कारण हेच लोक घाईत करतात. रुंद, जाड बुडाचं पातेलं घ्या. मीठ-हळद लावलेल्या पट्ट्या त्यात पसरा, वरून अर्धी वाटी पाणी, झाकण ठेवा. मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटांत मांसाला स्वतःचं पाणी सुटतं. आधी गुलाबी फेस येतो, मग पाणी पिवळसर होतं आणि चांगली उकळी फुटते. उकळी फुटल्यापासून पाच मिनिटं झाकण काढायचं नाही. नंतर झाकण काढून चिमट्याने पट्ट्या हलक्या हाताने वर-खाली करत पाणी अंगातच आटवायचं. पळीने ढवळू नका, पट्ट्या तुटतात. पातेल्याच्या तळाशी चरचर आवाज यायला लागला आणि पट्टीवर मिठाची बारीक चमक दिसली की उतरवा. जाडीतली जाडी पट्टी तोडून बघा. आत गुलाबी दिसली तर अजून वेळ आहे. मांसाचा थर्मामीटर मिळत असेल तर घ्या, एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो.

पाणी फेकायचं नाही, आटवायचंच. त्यात चव असते.

उन्हात किती दिवस आणि कसं?

खानदेशातल्या एप्रिल-मेमध्ये अडीच ते तीन दिवस. आपल्या उन्हाळ्याची खरी ताकद नुसत्या तापमानात नाही, हवेच्या कोरडेपणात आहे. दुपारी धुतलेलं लुगडं तासाभरात खडखडीत होतं, ती हवा. कोकणात तेवढंच ऊन पडलं तरी हे जमणार नाही. मुंबईच्या भाचीने बाल्कनीत करून बघितलं, तिसऱ्या दिवशीही पट्ट्या लिबलिबीत.

पहिला दिवस सगळ्यात महत्त्वाचा. सकाळी होईल तितक्या लवकर पट्ट्या शिजून, निवून, बाहेर गेल्या पाहिजेत. मी सुती दोरीची खाट वापरते. तिच्यावर उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेलं पातळ फडकं, त्याच्यावर पट्ट्या, एकमेकींना न चिकटता. खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवते, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वरून मच्छरदाणी, आणि ती खाटेच्या खाली चारी बाजूंनी खोचलेली. नुसती वरून टाकली तर माशी बाजूने आत जाते, आणि एकच माशी आत गेली तरी तिची अंडी चोवीस तासांच्या आत वळवळायला लागतात. जाळी मांसाला टेकता कामा नये, माशी जाळीवरून अंडी घालते. चार कोपऱ्यांना काठ्या बांधून जाळी वर उचलून धरा.

दर दोन तासांनी पट्ट्या उलटायच्या. उलटताना हात साबणाने धुतलेले, बोटावर जखम असेल तर दुसऱ्याला सांगायचं. हे मी गंमतीने म्हणत नाही. शिजलेल्या मांसावर पुन्हा जंतू येतात ते बहुतेक माणसाच्या हातावरूनच.

ऊन उतरलं की पाचच्या सुमाराला सगळं घरात. रात्री बाहेर ठेवलं तर दिवसभर गेलेली ओल पहाटेच्या गारव्यात पुन्हा बसते, मांजराचा त्रास वेगळा. पहिल्या रात्री पट्ट्या झाकून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या रात्री त्या बऱ्याच कडक झालेल्या असतात, पंख्याखाली जाळीत ठेवल्या तरी चालतं. मध्येच ढग आले तर वाट बघत बसू नका. फ्रीजमध्ये टाका नाहीतर ओव्हनला लावा.

होळीच्या आधी करू नका. हिवाळ्यात दिवस लहान, ऊन कोवळं, पाच-सहा दिवस लागतात आणि तेवढा वेळ मांस अर्धवट ओलं राहतं.

गच्ची नाही, ऊन नाही. ओव्हनमध्ये किंवा यंत्रात होईल का?

होतं, आणि खरं सांगायचं तर जास्त भरवशाचं होतं. भाज्या-फळं वाळवायचं विजेचं यंत्र असेल तर ६० अंशांवर लावा, सहा ते आठ तास. ओव्हनमध्येही तेवढंच, फक्त दार बोटभर उघडं ठेवायचं, नाहीतर वाफ आतच कोंडते. शिजवण्याची पायरी दोन्हीकडे सोडायची नाही.

एअर फ्रायर नको. त्याची हवा फार गरम. वरची बाजू लगेच कडक होते आणि आतलं पाणी आतच अडकतं. हात लावला तर वाळल्यासारखं वाटतं आणि आठ दिवसांनी डबा उघडला की कुबट वास.

काही जण काळा रंग दिलेल्या खोक्यावर काच बसवून, खाली-वर भोकं ठेवून सौर वाळवणी करतात. खानदेशच्या उन्हात ती फार चांगली चालते. माशी, धूळ, मांजर तिन्ही प्रश्न सुटतात.

चुलीच्या धुरावर टांगलं तर?

चालतं. धुराने माशी येत नाही आणि मांस थोडं जास्त टिकतं. पण धूर लाकडाचा हवा, बाभूळ किंवा आंबा. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, प्लास्टिक चुलीत गेलं तर तो धूर मांसावर बसतो. टांगायला जस्ताचा मुलामा दिलेली तार नको. स्टीलचे आकडे किंवा स्वच्छ सुती दोरी घ्या.

वाळलं हे ओळखायचं कसं?

तीन खुणा. पट्टी वाकवली तर कडकन तुटते, नुसती वाकत नाही. तुटलेल्या जागी बोट दाबलं तर ओलसर लागत नाही. आणि ताटलीत टाकली तर टक्क असा आवाज येतो, लाकडाच्या कपचीसारखा.

पण माझा विश्वास काट्यावर आहे. मांसात पाऊण हिस्सा पाणीच असतं. किलोभर बिनहाडाचं मटण वाळून, त्यातलं मीठ धरून, ३०० ते ३३० ग्रॅम उरतं. ४०० भरलं तर समजा अजून एक दिवस. संध्याकाळी वजन करा, दुसऱ्या दिवशी दुपारभर ऊन देऊन पुन्हा करा. वजन उतरलं नाही की वाळवण झालं.

त्यानंतर पट्ट्या काचेच्या बरणीत सैल भरून एक दिवस ठेवा आणि काचेकडे लक्ष ठेवा. आतून धुकं धरलं, एक थेंब जरी दिसला, तरी सगळं बाहेर काढून पुन्हा उन्हात.

कशात ठेवायचं? किती दिवस टिकतं?

काचेची बरणी, घट्ट झाकणाची, पूर्ण कोरडी. चिनी मातीची बरणी चालते, पण आतलं दिसत नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांत ओल कळत नाही आणि किडे भोक पाडतात.

बाहेर, अंधाऱ्या आणि थंड जागी: दोन आठवडे. फ्रीजमध्ये: तीन ते सहा महिने. डीप फ्रीजरमध्ये: वर्षभर. आजीच्या घरात हे मटण श्रावणापर्यंत डब्यात राहायचं हे खरं आहे. पण तिच्या मटणात मीठ दुप्पट असायचं आणि धाब्याच्या जाड मातीच्या भिंतींमुळे तिची कोठीची खोली भर दुपारीही गार असायची. सिमेंटच्या घरात, पत्र्याखाली, तो हिशोब लागू पडत नाही.

आषाढात काळजी वेगळी. मृगाचा पाऊस झाला की हवेतली ओल बरणी उघडल्याबरोबर आत शिरते. मी एका वर्षी दोन किलोची एकच मोठी बरणी भरली होती आणि दर आठवड्याला तीच उघडत होते. जुलैत वरच्या पट्ट्यांवर हिरवट केस दिसले. सगळी बरणी फेकावी लागली. तेव्हापासून लहान लहान बरण्या भरते, एका वेळच्या भाजीपुरत्या. एक उघडली की ती त्याच दिवशी संपते.

बरणीला हात लावायच्या आधी आजी विचारायची, “तुना हात वला शे का?” ओला असला तर पदराला पुसून चालायचं नाही, दुसऱ्यालाच बोलवायचं.

किडे होऊ नयेत म्हणून काय करावं?

वाळलेलं मांस खाणारे लहान तपकिरी भुंगे असतात, त्यांच्या केसाळ अळ्या पट्टीत भोकं पाडतात. भरण्याआधी पट्ट्या चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या तर अंडी असलीच तर मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी बंद असतानाच घरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड पट्टीवर दव धरतं. डांबराच्या गोळ्या किंवा कसलीही पावडर मांसाच्या आसपासही ठेवू नका. कडुनिंबाचा पाला धान्यात ठेवतात तसा इथे ठेवायचा असेल तर बरणीच्या बाहेर.

तेलात बुडवून ठेवलं तर जास्त टिकेल का?

नाही, आणि हे फार धोक्याचं आहे. अर्धवट वाळलेलं मांस तेलाखाली गेलं की हवा बंद होते, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू नेमका हवा नसलेल्या ओल्या जागी वाढतो. त्याचं विष दिसत नाही, वास येत नाही. याच कारणाने हवा काढून बंद केलेल्या पिशवीतही फक्त पूर्ण वाळलेलंच मटण भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

थोडी बुरशी आली. पुसून खाल्लं तर?

फेकून द्या. दिसते ती बुरशी वरची, तिची मुळं आत गेलेली असतात. खवट वास, चिकटपणा, रंगात हिरवट झाक, यांतलं काहीही दिसलं तरी तेच. किलोभर मटणाचे पैसे जातात ते जाऊ द्या.

लाल रंगासाठी सोरा घालतात म्हणे?

कारखान्यात नायट्राइट घालतात, ते ग्रॅमच्या अंशात मोजून. घरातल्या काट्यावर ते मोजताच येत नाही आणि थोडंसं जास्त झालं तर विष होतं. फटाक्यांचा किंवा खताचा सोरा तर स्वप्नातही नको. घरचं मटण तपकिरीच होतं, तो रंग बरोबर आहे.

हे खाणं नेमकं कुणाचं? लोक नावं ठेवतात.

हा प्रश्न दबक्या आवाजात येतो, म्हणून मी मोकळेपणाने उत्तर देते. मांस वाळवणं ही जगभरची रीत आहे. इंग्रजीतला जर्की हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ लोकांच्या चार्कीवरून आला, आफ्रिकेत बिल्टाँग आहे, नेपाळात सुकुटी. आपल्याकडे मराठवाड्यातल्या दलित घरांमध्ये याला चान्या म्हणतात.

पण आपल्याकडच्या वाळवणामागे एक दुखरी गोष्ट आहे आणि ती लपवून हे लिहिता येणार नाही. गावातलं मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम ज्यांच्यावर लादलं होतं, त्यांच्या वाट्याला तेच मांस यायचं. ते एका दिवसात संपणारं नसायचं आणि पुढे कधी मिळेल याचा भरवसा नसायचा, म्हणून ते वाळवून ठेवायचे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं. आमच्या घरात ते सोडल्याची आठवण आजी तिच्या सासऱ्यांच्या नावाने सांगायची. सोडलं ते मेलेलं ढोर. मांस वाळवायची कला घरात राहिली, ती बोकडाच्या मटणावर चालू राहिली. उपाशी दिवसांत लेकरांच्या ताटात काहीतरी पडावं म्हणून बायकांनी ती हाताळून हाताळून पक्की केली. त्या हुशारीला नावं ठेवणाऱ्याला मी उत्तर देते आणि माझी बरणी उघड्या फळीवर ठेवते.

आणि आजही, आपोआप मेलेलं कुठलंही जनावर वाळवायचं नाही. काळपुळीचा, म्हणजे फाशी रोगाचा जंतू मिठाने मरत नाही, उन्हाने मरत नाही, वर्षानुवर्षं मातीत जिवंत राहतो. असं जनावर कापतानाच माणसाला लागण होते.

रक्तदाब असलेल्यांनी खावं का?

जपून. वरच्या प्रमाणाने केलेल्या १०० ग्रॅम मटणात १२-१३ ग्रॅम मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. तासभर कोमट पाण्यात भिजवून ते पाणी टाकलं तर बरंच मीठ निघून जातं. गरोदर बाईला आणि लहान मुलांना नीट शिजवलेल्या भाजीतूनच द्या, कोरडी पट्टी चघळायला देऊ नका.

विकता येईल का?

येईल, पण अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून. बचतगटाच्या बायका मला विचारतात तेव्हा मी सांगते की पापडाचा अनुभव इथे पुरत नाही. मांसाला तपासणी, वेगळी जागा, थर्मामीटर आणि रोजची नोंद लागते. एवढी तयारी होईपर्यंत घरापुरतंच करावं.

भाजी कशी करायची?

एका वेळेला चार माणसांना १०० ग्रॅम पुरतं. पट्ट्या खलबत्त्यात एकदोनदा ठेचून घ्या, फार नाही, तंतू मोकळे होतील इतकंच. कोमट पाण्यात तासभर भिजवा, ते पाणी टाका. नव्या पाण्यात कुकरला पाच-सहा शिट्ट्या द्या. ही दुसऱ्या विस्तवाची पायरी, ती वगळून कढईत नुसतं परतायचं नाही.

तोवर दोन कांदे निखाऱ्यावर सालासकट काळे होईपर्यंत भाजा. गॅसवर जाळी ठेवूनही होतात. सुक्या खोबऱ्याची वाटी ज्योतीवर धरून भाजा, कडेने तेल सुटेपर्यंत. दोन चमचे धने, तीन लवंगा, थोडं दगडफूल, सहा-सात वाळक्या मिरच्या, दहा लसणाच्या पाकळ्या. सगळं पाट्यावर बारीक वाटा. कढईत तेल जरा सढळ हाताने घ्या, वाटण बाजूने तेल सोडेपर्यंत परता, मग त्यात मटण त्याच्या शिजलेल्या पाण्यासकट. उकळी आली की भरताचं हिरवं वांगं मोठ्या फोडी करून टाका. वांगं त्या मटणाचा खारटपणा पिऊन घेतं आणि स्वतः मटणासारखं लागायला लागतं. मीठ शेवटी, चव बघूनच. बहुतेक वेळा लागतच नाही.

सोबत कळण्याची भाकरी, कच्चा कांदा. भाकरी चुरून रश्शात भिजवायची आणि पट्टीचा तुकडा शेवटी राखून ठेवायचा, आमच्याकडे सगळी मुलं असंच खातात.